औलीच्या उतारावरचे हसू

अर्जदार: मी, व्यवसायाने अर्जलेखक, राहणार आलमबाग, लखनौ. प्रतिवादी: माझी पत्नी सुमन. घटनास्थळ: औलीचा बर्फाळ उतार. काळ: लग्नानंतरचा पहिला हिवाळा. साक्षीदार: स्की शिकवणारा भैया.

काल ट्रंकेतून लोकरीचे पायमोजे निघाले आणि डांबरगोळ्यांच्या वासासरशी ते स्थळ डोळ्यांसमोर उभे राहिले. खर्च बेताचा असल्याने आम्ही धर्मशाळेत उतरलो होतो, हेच पायमोजे हातांत घातले होते आणि दोघांत स्कीची एकच जोडी भाड्याने घेतली होती. कुटुंबप्रमुख या नात्याने प्रथम मी उभा राहिलो व तत्काळ आडवा झालो.

"अहो, बर्फाला काय अर्ज देताय? द्या त्या स्की इकडे," म्हणत सुमनने साडीचा काष्टा मारला.

"भाभीजी, घुटने मोड़िए!" भैया ओरडला.

ती वाकली, सुटली आणि पार खाली जाऊन थांबली. आमच्याकडे पाठ करून, समोरच्या शिखरांकडे पाहत ती एकटीच कितीतरी वेळ हसत होती. ते हसू वरपर्यंत ऐकू येत होते. तेव्हा वाटले, ती मलाच हसते आहे. आता तसे वाटत नाही.

सबब विनंती की, त्या क्षणी तिला नेमके काय गवसले, याचा खुलासा प्रतिवादीने करावा. उत्तर तोंडी चालेल. तेव्हासारखेच हसून दिल्यास अर्जदार आभारी राहील.