कानबाईच्या सुपातली वरची मूठ

श्रावणातल्या कानबाई देवीच्या नैवेद्याच्या रोटांसाठी गहू घेताना यंदा माझा हात चुकला. घरातल्या प्रत्येकाच्या नावाने एकेक मूठ सुपात टाकायची, हे काम आमच्या शिंदखेड्याच्या घरी थोरल्या मुलाचं, म्हणजे माझं. नाना, आई, धाकटा भाऊ, त्याची बायको, त्यांची पोरगी, मी आणि शेवटी ही. इथे थांबायचं होतं. मी आणखी एक मूठ टाकून मोकळा झालो.

आईने सूप जवळ ओढलं. "हाई मूठ कोनी शे रे?"

एरवी विचारलं नसतानाही बोलणारा मी, तेव्हा खाली सांडलेले दाणे वेचू लागलो.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात जळगावला हिच्या गर्भाशयातल्या गाठी दुर्बिणीतून काढल्या. पोटावर बारीकशा खुणा, बस. डॉक्टरीणबाईंनी मोठी गाठ लिंबाएवढी सांगितली होती. मी भावकीत ती भरिताच्या वांग्याएवढी करून सोडली. आतले टाके पक्के भरू द्या, असं त्या म्हणाल्या होत्या. मग दिवस राहू शकतात, पण खात्री देता येत नाही, आणि राहिले तर बहुधा सिझेरियनच करावं लागेल. त्यातलं 'राहू शकतात' एवढंच मी घरी घेऊन आलो.

संक्रांतीच्या सुमारास दिवस राहिलेही. तेव्हापासून मी मनातल्या मनात घरात एक माणूस जास्त धरू लागलो. होळीच्या आधी सगळं गेलं. टाके चांगले भरलेत, असं कधी कधी होतं, पुन्हा वाट बघा, असं डॉक्टरीणबाईंनी समजावलं. हिने मान डोलावली, मीही डोलावली. माझ्या हाताला मात्र कुणी सांगितलं नव्हतं.

आई वरची मूठ काढायला गेली तर नानांनी अडवलं. सुपात पडलं ते कानबाईचं, ते मागे घ्यायचं नाही. मग वेगळीच अडचण. रोट बाहेरच्याला देत नाहीत, घरच्यांनीच संपवायचा. हा वाटा खायचा कुणी? धाकट्याने माझ्या ढेरीकडे पाहिलं. त्यात तथ्य होतं. मी तयारही झालो.

ही इतका वेळ जात्याजवळ बसून होती. तिने सूप स्वतःकडे घेतलं.

"येणाऱ्याच्या वाटचं मी खाईन," ती म्हणाली. "पोटात असताना आईच खाते की. मी जरा आधीपासून खाते, एवढंच."