किटली निशाणीचा मधुकर

बुद्धविहाराबाहेरच्या फळ्यावर खडूने लिहिलेलं नाव मी त्या सकाळी वाचलं आणि सरळ पुढे गेलो. ‘कालकथित काळूराम गोविंद जाधव.’ असेल कुणी पलीकडच्या गल्लीतलं, म्हणून मनातल्या मनात हात जोडले आणि पोस्टात कामाला लागलो. दुपारी पूनमचा फोन आला. “वामनकाका, तुम्ही अजून आला न्हाय? पप्पांना थोड्या वेळात न्यायचंय.” तेव्हा कुठे लक्षात आलं... काळूराम म्हणजे आमचा मधुकर. पूनमचा बाप, माझा शाळेपासूनचा मित्र. दोन वर्षांपूर्वी त्याने नाव बदलून घेतलं होतं, पण ते नवं नाव कागदावरच राहिलं, कुणाच्या तोंडात बसलं नाही. गल्लीतली निम्मी माणसं माझ्यासारखीच फळा वाचून कामाला निघून गेली होती. ज्याला सगळी भिवंडी ‘किटली’ म्हणून ओळखायची, तो गेल्याचं बऱ्याच जणांना संध्याकाळी कळलं.

या गोष्टीला आता दीड महिना झाला. तो नाव बदलण्यापर्यंत कसा आला, हे गल्लीत सांगितलं जातं ते अर्धवट असतं. म्हणून लिहायला बसलो.

मधुकर यंत्रमागाचा जॉबर होता. लूम बंद पडला की तो चालू करून देणं हे त्याचं काम. बोलणं कमी. समोरच्याचं ऐकून घेताना मान हलवत राहायची सवय, त्यामुळे माणसाला वाटायचं याला सगळं पटतंय. राहायला खोली कारखान्याच्या मालकाची, म्हणजे शेठचीच, कारखान्याला पाठ लावून. दुसऱ्याशी मोठ्याने बोलल्याशिवाय त्या खोलीत ऐकूच जायचं नाही, आणि भिंतीला टेकून बसलं की पाठीला सारखी थरथर जाणवायची. लग्न होऊन सुनंदावहिनी तिथेच आल्या, पूनमही तिथेच वाढली. भाडं नावापुरतं होतं, पण पावती कधीच नव्हती.

आमच्या वस्तीत पाण्याची रड जुनी. एक दिवसाआड पाणी यायचं, तेही कधी येईल याचा भरवसा नाही. हंडे रांगेत लावून बायका कामाला जायच्या आणि कुणाचा हंडा कुणी सरकवला यावरून मारामाऱ्या व्हायच्या. त्या वेळी वस्तीतले एक शिकवणीवाले सर नव्या पाइपलाइनसाठी पालिकेत सारखे खेटे घालत होते. मोर्चा त्यांनीच काढला, अधिकाऱ्याला हाताला धरून आमच्या नळापर्यंत त्यांनीच आणलं. निवडणूक लागली तेव्हा लोकांनी त्यांना अपक्ष उभं केलं, निशाणी मिळाली कपबशी. त्यांचं नावही मधुकर जाधव. शाळेत असल्यापासून या दोघांच्या नावावरून चेष्टा चालायची, पण एका नावाची दोन माणसं कुठल्या गल्लीत नसतात?

सरांच्या समोर शेठचा भाचा उभा होता. अर्ज भरायच्या दिवसांत शेठने आमच्या मधुकरला ऑफिसात बोलावून घेतलं. शेठ मराठी-हिंदी मिसळून बोलायचा. “मधू, बस. एक सही करायची आहे. सिर्फ नाम का काम है, दुसरं काही नाही. नंतर काढून घेऊ आपण अर्ज.”

“शेठ, मला न्हाय जमायचं. ते सर आपल्याच वस्तीचे...”

“अरे, मी कुठे सरांना काही करतोय? आणि खोलीचं म्हणत होतो, तिथे नवीन मशीन टाकायचा विचार आहे. पूनमची दहावी आहे ना यंदा? तुम्ही कुठे जाणार, याची मला काळजी वाटते.”

मधुकरने सही केली. घरी येऊन त्याने वहिनींना सांगितलं, त्या रडल्या. मला सांगितलं, मी त्याला म्हणालो, “अर्ज मागे घ्यायची मुदत आहे अजून. तू स्वतः जा आणि काढून घे.” तो म्हणाला, जातो. शेवटच्या दिवशी सकाळी धुतलेला शर्ट घालून तो निघालाही होता. कोपऱ्यावर शेठची गाडी उभी होती. “चल, आम्ही सोडतो,” म्हणून त्याला बसवलं, आणि गाडी पालिकेकडे जाण्याऐवजी वळ गावच्या रस्त्याला लागली.

पुढचं त्याने मला खूप उशिरा सांगितलं, तेही तुटक तुटक. वळ गावात एका गोदामाच्या वरच्या ऑफिसात त्याला नेलं. एसी चालू, टीव्ही चालू. मटण मागवलं होतं. शेठची माणसं त्याच्याशी अगदी गोडीत बोलत होती. “जेवा, नगरसेवक. लाजता काय?” खाली कंटेनर मागे घेताना पोरं ओरडत होती, काचेतून सगळं दिसत होतं. तो दोनदा उठला. दोन्ही वेळा कुणीतरी म्हणालं, “बसा हो, निघूच आता.” वर येताना त्याने चपला दारात काढल्या होत्या, त्या कुणीतरी उचलून ठेवल्या होत्या. तीन वाजून गेले, अर्ज मागे घ्यायची मुदत संपली. मग एकजण हसत चपला घेऊन आला आणि त्याला घरी सोडून गेला.

“मला कुणी बांधलं न्हवतं रे, वामन,” तो म्हणाला. “दार उघडं होतं. फक्त चपला दिसत न्हवत्या... अनवाणी आलो असतो तर?”

 

मधुकरला मिळालेल्या निशाणीला, किटलीला, पडलेली मतं जर कपबशीला पडली असती, तर सर आरामात निवडून आले असते. ज्यांना वाचता येत नव्हतं अशा म्हाताऱ्यांनी ‘मधुकर जाधवला द्या’ एवढं ऐकलं होतं आणि चहाचं भांडं बघून बटण दाबलं होतं. पाइपलाइनची गोष्ट तिथेच थांबली. दुसऱ्या दिवसापासून मधुकरचं नाव किटली पडलं. नळावर वहिनींचा हंडा कायम शेवटी. पोरीला वर्गात चिडवायचे. आणि तो शेठच्या खोलीत, शेठच्या लूमवर, शेठच्याच पगारावर. वस्तीला तो शेठचा माणूस वाटायचा, शेठला तो कामाचा माणूस. दोन्हीकडून त्याला बाहेर पडायला वाट नव्हती. दुसरी खोली बघायला आम्ही कल्याण नाक्यापर्यंत हिंडलो. डिपॉझिटचं ऐकून परत आलो. दुसऱ्या कारखान्यात काम मागितलं, तर तिथला मालक शेठचा नात्यातला निघाला.

एकदा तो सरांकडे गेला, मला सोबत घेऊन. सरांनी आत बोलावलं, पाणी दिलं. मधुकर हात जोडून नुसता उभा. सर म्हणाले, “जाधव, तुमच्यावर राग धरून मला काय मिळणार? पण खरं सांगू का... आता कुणी मला नावाने हाक मारली की आधी तुमचा चेहरा समोर येतो.” परत येताना मधुकर गल्लीच्या तोंडाशी थांबला. “मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं,” म्हणाला.

मग पालिकेवर प्रशासक आला, निवडणुका लांबल्या, आणि लोक थोडे विसरले. त्याच्या मात्र डोक्यातून ते गेलं नव्हतं. एक दिवस पोस्टात आला आणि माझ्या खिडकीशी वाकून म्हणाला, “नाव बदलतो. माझ्याकडे मधुकर हे नावच न्हाय म्हटल्यावर काय घेतील?” जन्मल्यावर आईने काळूराम नाव ठेवलं होतं, शाळेत गुरुजींनी मधुकर केलं. तेच जुनं नाव त्याने परत घेतलं. राजपत्रात छापून आणलं, आधार, मतदार यादी, सगळीकडे बदललं. महिनोन्‌महिने रांगा लावल्या. ते झालं त्या दिवशी त्याने आम्हाला जिलबी दिली. इतका मोकळा हसताना मी त्याला खूप वर्षांनी बघितलं.

शेठला कळायला वेळ लागला नाही. ओरडला वगैरे नाही. एवढंच म्हणाला, “नाव बदललंस, चांगलं केलंस. खोली तीच आहे ना?” आणि मधुकरला लूमवरून काढून गेटवर बसवलं, कमी पगारावर.

शेवटी निवडणूक लागली. सर पुन्हा उभे राहिले. उमेदवारांची शेवटची यादी लागली, निशाण्या वाटल्या, त्या संध्याकाळी पूनम धावत माझ्याकडे आली. उमेदवारांत आणखी एक मधुकर जाधव होता. शहराच्या दुसऱ्या टोकाचा, आम्ही कुणी कधी न पाहिलेला. शेठच्या माणसांना तो शोधायला कितीसा वेळ लागला असेल? मी मधुकरकडे गेलो तर तो अंधारात भिंतीला टेकून बसला होता. वहिनी म्हणाल्या, “दुपारपास्नं असेच हायेत. जेवले न्हाईत.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र तो उठला, दाढी केली आणि बाहेर पडला. गल्लीतल्या पहिल्या दारावर थाप मारली. जी म्हातारी त्याच्याशी इतकी वर्षं बोलली नव्हती, तिनेच दार उघडलं. तो म्हणाला, “मावशी, मी किटली. मागच्या टायमाला तुम्ही मला मत दिलं ते चुकून दिलं. या टायमाला सरांची निशाणी शिलाई मशीन हाय. दुसरा मधुकर जाधव हाय त्याची कात्री. नीट बघून बटण दाबा.” म्हातारीने धाडकन दार लावलं. तो पुढच्या दारावर गेला. पॉवरलूमवाल्या परप्रांतीय कामगारांच्या खोल्यांत हिंदीतून सांगायचा, “मैं वही किटलीवाला. मेरे जैसा दूसरा खड़ा है, ध्यान रखना.” कुणी हसलं, कुणी घाण बोललं, कुणी चहाही दिला. ड्युटी सुटली की रोज हेच. स्वतःच्या तोंडाने स्वतःला किटली म्हणवून घेत तो सगळी वस्ती फिरला. मी दोन दिवस त्याच्यासोबत गेलो. तिसऱ्या दिवशी मला ते ऐकवेना.

निकालाला आम्ही दोघं कुंपणाबाहेर उभे होतो. कात्रीला फारच थोडी मतं पडली. तरीही सर हरले. शेठच्या भाच्याने पॅनेल जमवलं होतं, गाड्या होत्या, बरंच काही होतं. सरांची माणसं मान खाली घालून पांगली. मी मधुकरकडे बघितलं. त्याचे डोळे भरले होते आणि तो हसतही होता. “सर हरले रे,” म्हणाला, “पन माझ्यामुळं न्हाय.” एवढंच. घरी येताना दोन-तीनदा तेच पुटपुटला.

त्यानंतर महिनाभरातच, गेटवर बसल्या बसल्या त्याच्या छातीत कळ आली. त्याच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला सर आले होते. खोलीत जागा नव्हती म्हणून दारातच बसून राहिले, सगळे उठेपर्यंत.

गेल्या रविवारी मी गेलो तेव्हा वहिनी भांडी गोणीत भरत होत्या. शेठचा माणूस येऊन सांगून गेला होता, महिनाअखेर खोली रिकामी हवी. पूनम वडप्याला एका गोदामात कामाला आहे, तिथेच जवळ दोघी जाणार आहेत. मी वरची सामानाची फळी उतरवू लागलो. भिंतीवर मधुकरचा नवा फ्रेम केलेला फोटो होता, हार सुकलेला. खाली नावाची पट्टी कोरी. मी विचारलं, “नाव घालायचं राहिलं का?”

“फ्रेमवाला विचारत होता कुठलं घालू,” वहिनी म्हणाल्या. “मीच म्हटलं, राहू दे. कुठल्याच नावानं त्यांना कुणी कुठं न्यायचं न्हाय, अशी एक तरी जागा राहू दे.”

कारखाना चालू होता. त्यांनी फोटो उतरवला, पदराने पुसला आणि दोन्ही हातांनी छातीशी धरून गोणीवर बसून राहिल्या. फोटो गेल्यावरही तिथला खिळा भिंतीबरोबर थरथरत होता.