लिलावात हात लावायचा नाही

मला काही वर्षं पापलेटाच्या एका बाजूला तीन तीन डोळे दिसायचे. चष्मा बदलला की ते थोडे सरकायचे, पण एकाचे तीन राहायचेच.

आमची शिरवण्याच्या बाजारात मासळीची जागा. आईनंतर ती मीच चालवणार हे मी कॉलेजात असतानाच ठरवून टाकलं होतं. जागेवर बसून माझं निभायचं, कारण पोट दाबून, कल्ला उचलून माल बोटांनाही कळतो. खरी पंचाईत सकाळी धक्क्यावरच्या लिलावात. तिथे बोली तुटेपर्यंत पाटीला कुणी हात लावायचा नाही. उभ्या उभ्या माशाचा डोळा बघायचा. फुगीर, चकचकीत असेल तर ताजा, आत बसलेला असेल तर शिळा. आणि ज्याला लिलाव जमत नाही, त्याने जागा चालवायची स्वप्नं बघू नयेत.

एकदा आईला ताप होता म्हणून मी एकटी गेले आणि मोठ्या तोऱ्यात पाटी घेऊन आले. आईने अंथरुणातून नुसती मान वळवली.

"शिला माल हाय. तुला त्याचा डोला दिसला नाय?"

मी बर्फाला दोष दिला, विकणाऱ्याला शिव्या घातल्या. ताप उतरताच आई मला हाताला धरून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली.

आजाराचं नाव केराटोकोनस. बुबुळावरची पारदर्शक काच पातळ होते आणि शंकूसारखी पुढे येते. डॉक्टरबाईंनी बेत सांगितला: काचेत बारीक रिंग बसवून तिचा आकार सपाट करायचा, त्याच वेळी औषध आणि किरणांनी ती घट्ट करायची, आणि काही महिन्यांनी उरलेल्या नंबरासाठी डोळ्याच्या आत लेन्स.

"एका डोल्याला तीन इलाज?" आई म्हणाली. "म्हंजी एकाचा पन भरवसा नाय?"

डॉक्टरबाई हसल्या. प्रत्येकाचं काम वेगळं, म्हणाल्या. आई माझ्याकडे वळली. "मासं धरायच्या जाल्यासारखं हाय. आदी तानून घ्यायचं, मंग गाठी आवलायच्या. ढिल्या जाल्याला नुसत्या गाठी मारून काय उपेग?"

मला तिचा तेव्हा फार अभिमान वाटला. तसं बोलून दाखवलं नाही, आमच्या घरात ती पद्धत नाही.

ऑपरेशननंतर डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही, म्हणून मला बाजार बंद. मी घरात बसून सगळ्यांवर खेकसायचे. डोळा चोळायला हात वर गेला की आई फटकन हातावर मारायची, गिऱ्हाईक घरी आलेलं असलं तरी. एक डोळा झाला, मग दुसरा, मग लेन्स. आजही दिव्याभोवती कडं दिसतं आणि बारीक अक्षरांना चष्मा लागतो. पण माशाला एका बाजूला एकच डोळा असतो, हे बघून मला इतका आनंद झाला की मी पाटीतल्या बांगड्याकडे बघून मोठ्याने हसले.

परवा आईबरोबर धक्क्यावर गेले. ती नेहमीसारखी पुढे, मी मागे. जिताड्याची पाटी आली आणि तिने बोलीसाठी हात वर केला. मी तिचं मनगट धरलं.

"आये, नको. डोला बसलाय त्याचा."

ती वाकली. डोळे बारीक करून बघितलं, मान तिरकी करून बघितलं. अगदी मी पूर्वी बघायचे तसं. पाटी दुसऱ्याने घेतली.

"मना दिसला नाय," ती हळूच म्हणाली. मग पदर खोचला आणि माझ्या मागे येऊन उभी राहिली. "आजपासून पुडं तू रा."

ज्या जागेसाठी इतकं केलं ती मिळाली होती, आणि मला एकदम रडू आलं. डोळे पुसायला हात वर गेला तसा तिने सवयीने फटका मारला.

पुढची पाटी येत होती. मागून तिचा आवाज आला, "माज्या डोल्याला पन तीन इलाज लागतील काय गो?"

"नाय गो आये," मी मागे न बघता म्हटलं. "मोतीबिंदू असंल. तुला एकच पुरं."