चादरीचं चौथं टोक

ड्रेस्डेनच्या आमच्या कंपनीत माझ्या शेजारच्या टेबलावर एक ताजिक मुलगी काम करायची. तिच्या लग्नाचं बोलावणं आलं तेव्हा सासूबाई कराडहून आमच्याकडे राहायला आल्या होत्या. त्यांनाही आणायचंच, असं तिनं बजावलं. तिची आई गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे तिकडे ताजिकिस्तानात, दुशान्बेलाच अडकली होती. माहेरचं वडीलधारं माणूस म्हणून हॅनोव्हरची मावशी तेवढी येणार होती.

हॉलबाहेर पुरुषमंडळी भल्याथोरल्या कढईत पुलाव शिजवत होती. गाजराच्या काड्या, मनुका, लसणाचे अख्खे गड्डे. सासूबाई वाकून बघायला लागल्या.

"अहो आई, त्यात मटण आहे," मी म्हटलं.

"असू दे की. मी रोटी खाईन. वास घ्यायला काय जातंय?"

आत डफासारखा दोयरा वाजायला लागला आणि नवरी आली. चेहऱ्यावर झिरझिरीत ओढणी, छातीवर हात. प्रत्येक टेबलासमोर थांबून ती सावकाश कमरेत वाकत होती. आमच्यासमोर वाकली तेव्हा सासूबाईंनी नकळत आशीर्वादाचा हात वर केला.

मग वधूवरांना शेजारी शेजारी बसवलं. त्यांच्या डोक्यावर लाल भरतकामाची चादर धरायची आणि तिच्याखाली दोघांनी आधी आरशात एकमेकांना बघायचं, अशी त्यांची रीत. सासूबाई माझ्या कानाशी म्हणाल्या, "आपला अंतरपाट मधे, यांचा डोक्यावर."

तीन बायकांनी तीन टोकं धरली. चौथं मोकळंच होतं. मावशीनं सासूबाईंना हातानं बोलावलं, तशा त्या माझ्यामागे सरकल्या.

"तिला सांग, मी नको. तुझे सासरे गेले. हे सवाष्णीचं काम."

मी नवरीजवळ जाऊन जर्मनमध्ये सांगितलं. तिनं ओढणी थोडी बाजूला केली. "माझे बाबाही नाहीत," ती म्हणाली. "आई आली असती तर हे टोक तिनंच धरलं असतं. अगदी हेच टोक."

मी ते मराठीत सांगितलं. सासूबाई पदर कमरेला खोचून पुढे गेल्या आणि चादरीचं टोक दोन्ही हातांनी उंच धरलं. खाली आरशात दोघांनी एकमेकांना पाहिलं, एकमेकांच्या तोंडात मधाचं बोट घातलं. नवऱ्यानं नवरीच्या पायावर पाय ठेवायचा प्रयत्न केला. तिनं त्याच्याआधी डाव साधला. ज्याचा पाय वर, त्याचं घरात चालणार, असं म्हणतात. मावशीनं मूठभर गोळ्या-चॉकलेटं उधळली, त्यातली दोन सासूबाईंच्या अंबाड्यात अडकली.

त्यानंतर त्यांना कुणी खाली बसू दिलं नाही. बायका हात पसरून, मनगटं वळवत नाचत होत्या. सासूबाईंना ते जमेना. शेवटी त्यांनी मावशीचे दोन्ही हात आडवे पकडले, पाय जुळवले आणि चक्क फुगडी धरली. मावशी आधी बिचकली, मग अशी गरगरली की दोयरा वाजवणारी बाई हसू आवरत ठेका वाढवत गेली. पाठोपाठ नवरीही घागरा सावरत फुगडीच्या रांगेत उभी राहिली.

सासूबाई खुर्चीत टेकल्या तेव्हा त्यांना बोलवत नव्हतं. मी पाणी दिलं.

"आणखी कुणाला शिकायचीय का विचार," त्या म्हणाल्या. "दम खाल्ला की येते."