सेंटर हाफ बाहेर बसला

आमच्या नागपुरातल्या गिरणीच्या फुटबॉल टीमचा फॉर्म मी भरला आणि सर्वांत चांगल्या खेळाडूचंच नाव राहिलं. फॉर्मवर रेघा अकरा. टीमचा चिटणीस म्हणून पहिल्या रेघेवर मी दिमाखात स्वतःचं नाव ठोकलं. तो नेहमी म्हणायचा, "माझं शेवटी लिहा." शेवटी जागाच संपली.

तो आमचा सेंटर हाफ. मॅचआधी बॉल अंगठ्यानं दाबून बघायचा, बायका बाजारात टरबूज बघतात तसा. कोणी ओरडलं, "मार ना लवकर!" तर म्हणायचा, "घाई काहून गा? बॉल काय घरी चालला?" आणि तुम्ही बघायला हवं होतं, बॉल खरंच त्याच्या पायाशी पाळलेल्या बोकडासारखा उभा राहायचा.

गिरणीनं त्याला खेळासाठीच आणलं, पण आठ वर्षं तो बदली कामगारच. रोज सकाळी फाटकाशी उभं राहायचं, कोणी गैरहजर असला तरच मागावर काम. त्या दिवशी मॅनेजर खास त्याचा खेळ बघायला येणार होते. आवडला तर नोकरी कायम.

आणि मी त्याचं नावच खाल्लं!

पंच म्हणाले, कागदावर नाव नाही तो खेळणार नाही. माझं होतं. मी उतरलो. चड्डीसुद्धा त्याचीच.

"मी करू काय?"

"काही करू नका, बाबू. बॉल आला का बाजूले व्हा."

तेही जमलं नाही. सात गोल झाले, त्यातला एक मी स्वतः आमच्याच जाळीत घातला. तो रेषेबाहेर माझा चष्मा सांभाळत बसला होता. "शाबास बाबू! आता तोंड तिकडं करून पळा!"

मॅच संपली. मॅनेजर उठले, तसा मी गोलपोस्टमागे लपलो. ते म्हणाले, "एक माणूस नाही तर टीमची ही दशा? उद्या त्याचा कागद सहीला आणा."

आठवड्यात तो कायम झाला. पहिला पेढा त्यानं माझ्या तोंडात कोंबला. पुढं वीस वर्षं त्याच मागावर काढून निवृत्त झाला.

तो वारल्यावर नंदनवन वस्तीतल्या त्याच्या घरी गेलो. वहिनींनी चहा ठेवला. मी म्हणालो, "वहिनी, त्यानं मला एका शब्दानं कधी बोल लावला नाही."

"काहून लावतीन?" त्या म्हणाल्या. "आठ वर्सं चांगलं खेळून त्यायले जे भेटलं नाही, ते तुमच्या एका दिवसाच्या भिकार खेळानं भेटलं."