चार खिडक्या आणि मावशींचा शुक्रवार

जुगाराचा विषय निघाला की लोक आधी पैशांचं विचारतात. किती गेले? गेले, आणि बायकोची बोलणी खात खात मी ते भरूनही काढले. ते प्रकरण मिटलं. जे मिटलं नाही त्याचा पैशाशी काही संबंध नाही.

नव्वदीच्या अखेरची वर्षं. ठाण्याच्या कारखान्यातून व्ही.आर.एस. घेऊन मी सत्तेचाळिसाव्या वर्षी डोंबिवलीत घरी बसलो होतो. लग्नपत्रिका आणि पावतीपुस्तकं जुळवून द्यायचा धंदा करावा म्हणून कॉम्प्युटर घेतला. पण लग्नं काही बारा महिने होत नाहीत. बायको कल्याणच्या शाळेत शिकवायला सकाळी जायची ती संध्याकाळी यायची, आणि मधल्या वेळात मी आणि ते यंत्र एकमेकांची तोंडं बघत बसायचो. मग कुणाच्या तरी सांगण्यावरून इंटरनेट घेतलं. फोनच्याच वायरला फाटा मारून मोडेम जोडायचा, त्याचं किंचाळणं संपलं की सगळं जग घरात, आणि तेवढा वेळ फोन मात्र एंगेज. त्या सगळ्या जगात माझ्यासारख्याला काय सापडावं? कॅसिनो. रिकामं मन सैतानाचं घर, हे वाक्य मी शाळेत शुद्धलेखनाच्या वहीत पानभर लिहिलेलं आहे. उपयोग शून्य.

सुरुवातीला एकच कॅसिनो होता. पण लाईन इतकी संथ की एक पत्ता पडायला मिनिट लागायचं. आता कारखान्यात मी चार मशिनं एकट्याने चालवलेली. एकावर जॉब चालू असला की दुसऱ्यावर लावायचा, तिसऱ्यावरचा उतरवायचा, चौथ्याचं माप घ्यायचं. हात रिकामा दिसला की सुपरवायझर डोळे वटारायचा. पंचवीस वर्षांची ती खोड इथे नडली. पत्ता पडेपर्यंत नुसतं बसवेना, म्हणून दुसरा कॅसिनो उघडला. मग तिसरा, मग चौथा. पडद्याच्या चार कोपऱ्यांत चार खिडक्या. एकीकडे चक्र फिरतंय तोवर दुसरीकडे एकवीसचा डाव, तो वाटला जातोय तोवर तिसरीकडे बटण. खरं सांगतो, जिंकण्याचं मला फारसं अप्रूप नव्हतंच. तुमची आता गरज नाही असं कारखान्याने सांगितलेल्या माणसाला परत चार मशिनं मिळाली होती, याचाच आनंद होता. किती मूर्ख आनंद, पण होता.

त्यात एक गोम होती. एकाच ठिकाणी खेळणारा माणूस डाव संपला की उठू शकतो. चार ठिकाणचे चार डाव एकदम कधीच संपत नाहीत. एखादा तरी अर्ध्यावर असतोच, आणि फोनची लाईन तोडली की तो बुडाला. त्यामुळे 'एवढा झाला की उठतो' हे मी जेवणानंतर म्हणायला लागायचो ते चहाच्या वेळेपर्यंत म्हणत असायचो.

आमच्या मजल्यावर फोन आमच्या एकट्याकडे. बाकीच्या तिन्ही बिऱ्हाडांनी आमचा नंबर पी.पी., म्हणजे शेजाऱ्याचा फोन, म्हणून आपापल्या गणगोताला देऊन ठेवलेला. त्याचं कुणाला ओझं वाटत नसे, तशी रीतच होती. समोरच्या मावशींचा तर वारच ठरलेला. मावशी मूळच्या बाळकुमच्या, खाडीकाठच्या कोळ्यांच्या. नवरा वारल्यावर एकट्या राहायच्या. एकुलती एक मुलगी आखातात नर्स होती. शुक्रवारी तिला सुट्टी, म्हणून शुक्रवारी दुपारी तीनला तिचा फोन यायचा. मावशी पावणेतीनलाच चापूनचोपून लुगडं नेसून आमच्याकडे स्टुलावर येऊन बसत. इकडून तिला फोन करायची सोय नव्हती, कारण नर्सांच्या हॉस्टेलवर आलेला फोन कुणी बोलावून द्यायचं नाही. मी शुक्रवारी तीन ते चार लाईन मोकळी ठेवत असे. तेवढी माणुसकी होती.

एका गुरुवारी जिन्यात मावशींनी मला थांबवलं. "भाऊ, पोरीचा करार संपतोय. अजून दोन वर्षं राहू का, विचारतेय. मागच्या शुक्रवारी मी राहा बोलले. आता तसं नाय बोलायचं. उद्या सांगणार तिला, ये म्हणून. बस झालं. एकटीला घर खायला उठतं."

"पत्र टाका ना मावशी," मी म्हणालो.

"पत्र जाणार कधी, पोचणार कधी? पंधरा दिवसांत तिला सही करायची हाय. आणि ये हे तोंडानं सांगावं लागतं भाऊ."

दुसऱ्या दिवशी मी चक्क विसरलो. मावशी येऊन बसल्या तेव्हा आतल्या खोलीत चारही खिडक्या भरात होत्या. एवढा झाला की तोडतो, असं म्हणता म्हणता घड्याळात चार वाजून गेले. बाहेर आलो तर मावशी तशाच बसलेल्या. "आज लागला नाय वाटतं," म्हणाल्या. मी मान हलवली.

त्या शुक्रवारी मी विसरलो, पुढच्या शुक्रवारी विसरलो नव्हतो. मला पक्कं आठवत होतं. पण चौथ्या खिडकीत कधी नव्हे ते पत्ते जुळून आले होते, ते संपेपर्यंत पहिलीत पैसे लावून झाले होते, आणि बाहेरच्या खोलीत स्टूल सरकल्याचा आवाज आला. मी दारातून डोकं बाहेर काढून म्हणालो, "मावशी, लाईन डेड आहे हो सकाळपासून." आणि परत आत येऊन बसलो. आयुष्यात मी बरंच खोटं बोललो आहे. इतक्या सहज कधीच बोललो नाही.

मावशींना खोटं वाटायचं कारणच नव्हतं. त्या काळात लाईन डेड होणं म्हणजे रोजचंच. पण मी एक विसरलो. आमच्यासारखी माणसं बिघडलेल्या फोनपुढे हताश बसतात, मावशींचं तसं नव्हतं. आपल्यामुळे भाऊंना त्रास नको म्हणून त्या सोमवारपासून रोज टेलिफोन एक्स्चेंजच्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या. मला पत्ताही नाही. शुक्रवारी दुपारी त्या एका लाईनमनला अक्षरशः हाताला धरून घेऊन आल्या. मी आत. चारही खिडक्या चालू.

लाईनमनने रिसीव्हर उचलून कानाला लावला, आणि मोडेमचं ते चिरकणं बाहेरच्या खोलीत सगळ्यांना ऐकू आलं. माझे चारही डाव जागच्या जागी गोठले. तो वायर चाचपत आतपर्यंत आला. पडदा बघितला, मग मला बघितलं. "कोण बोलला लाईन डेड हाय? मस्त चालू हाय ना काका. तुमी सोडली तर कुनाचा फोन येनार."

मावशी त्याच्या मागेच उभ्या होत्या. मी मोडेमची पिन उपसून काढली. चोरी पकडली गेल्यावर माणूस उगाच हालचाली करतो तसा वायर गुंडाळत राहिलो. तेवढ्यात फोन वाजला.

परदेशचा फोन म्हणजे दोन्हीकडून ओरडूनच बोलणं, त्यामुळे मुलीचं सगळं मला ऐकू येत होतं. "आई, दोन शुक्रवार तास तास लावतेय, एंगेजच! काल मुदत संपत होती गं. तू राहा बोललेलीस ना, म्हणून मी सही करून टाकली. बरोबर केलं ना?"

मावशींनी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. मग मोठ्यांदा म्हणाल्या, "बरोबर केलंस गो बाय. मी पण तेच सांगणार होते. माझी काळजी करू नको, मी मस्त हाय." आणि मग, "अगं, भाऊंची लाईन बिघडलेली. बघ ना, आत्ताच माणूस येऊन दुरुस्त करून गेला."

तो माणूस अजून तिथेच उभा होता. त्याने पिशवी उचलली आणि खाली बघत निघून गेला.

"मावशी, माझं चुकलं," मी म्हणालो. त्या दारातून आतल्या पडद्याकडे बघत होत्या. "काय असतं त्याच्यात?" त्यांनी विचारलं.

"खेळ. पत्ते वगैरे."

"आणि चार चार? एकावर भागलं नसतं, भाऊ?" आवाजात राग नव्हता. त्यांना खरंच कळत नव्हतं.

त्या दिवशी माझा खेळ सुटला असं लिहायला मला आवडलं असतं. तसं झालं नाही. अजून काही महिने खेळलो, फक्त शुक्रवार सोडून. मग कार्डाचं बिल बायकोच्या हाती पडलं आणि सुटला. मावशींनी मला चार शब्द सुनावले असते, मजल्यावर बोभाटा केला असता, तर बरं झालं असतं असं मला आजही वाटतं. पण त्या पूर्वीसारख्याच येत राहिल्या. दोन वर्षं, दर शुक्रवारी, माझ्याच घरात उभं राहून त्या मुलीला 'मी मस्त हाय' असं सांगायच्या, आणि मी आतल्या खोलीत बसून ते ऐकायचो.