तीन गोळे वर नेणारा धाकटा

थोरला सोनार आणि धाकटा सोनार, सख्खे भाऊ, एकाच आठवड्यात तापाने पडले. विषाणूचा ताप. दोघांनाही अतिदक्षता विभागात ठेवलं, मधे एक पडदा. धाकटा आठ दिवस आधी घरी आला. जीव वाचला याचा आनंद थोरल्याला झालाच, पण ते आठ दिवस त्याच्या घशात अडकले ते अडकलेच.

घर वर, दुकान खाली, मधे सतरा पायऱ्या. छातीच्या व्यायामासाठी दोघांना एकेक डबी मिळाली होती. तिची नळी तोंडात धरायची आणि आतले तीन गोळे वर न्यायचे. दोन गेल्याशिवाय जिना उतरायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. धाकट्याचे तिन्ही गेले आणि तो खाली जाऊन बसला. तेही थोरल्याच्या आसनावर, थोरल्याची फुंकणी तोंडाला लावून. पन्नास वर्षं डाग द्यायचं, म्हणजे फुंकणीनं ज्योत वळवून सोन्याचे सांधे जोडायचं काम थोरल्याचं. धाकट्यानं घासायचं आणि चकाकवायचं. आता गिऱ्हाइकाच्या अर्ध्या राहिलेल्या बांगड्या धाकटाच जोडत होता.

थोरला भिंतीकडं तोंड करून डबी घेऊन बसे. एकही गोळा हलत नसे, आणि ते कुणी पाहिलेलं त्याला चालत नसे.

"भावोजी आज दोन तास बसले खाली," बायको चहा ठेवत म्हणाली.

"बसू दे. सांधा उकलला की उठेल."

"तुम्हाला भावाचं बरं झालेलं बघवत नाही."

"बघवतं की. एवढ्या लवकर बघवत नाही."

दुपारी धाकटा गॅलरीत व्यायाम करी. तो नक्की डबी वाकडी धरत असणार, म्हणजे गोळे आपोआप वर घसरतात, अशी थोरल्याची खात्री. त्याला पकडायचं म्हणून एकदा काठी टेकत दाराच्या फटीशी गेला. डबी सरळ होती. गोळे टकाटक वर गेले. पण धाकट्याचे गाल फुगले नव्हते, आत गेले होते. तो नळीतून हवा ओढत होता.

थोरला पलंगावर येऊन बसला. तीन आठवडे तो फुंकत होता.

"अहो, नर्सनं दहादा सांगितलं होतं, ओढा म्हणून," बायको हसू दाबत म्हणाली.

"फुंकणीवाल्याच्या तोंडात नळी दिल्यावर तो काय करणार? आणि हे खाली कुणाला सांगू नकोस."

तिनं सांगितलं नाही, असं ती आजही म्हणते.

त्यानंतर ओढायला लागल्यावर चौथ्या दिवशी दोन गोळे गेले. थोरला तीनदा टेकत सतरा पायऱ्या उतरला. धाकट्यानं लगेच आसन सोडलं, त्याचाही थोरल्याला राग आला. त्यानं भिंग लावून बांगडीचा सांधा पाहिला. उलटून पाहिला, नख फिरवून पाहिला. खोट सापडेना.

"किती दमांत केलंस?"

"सहा. मधे पाणी प्यालो."

"मी एका दमात करतो."

"माहीत आहे दादा. करा ना, दुसरी बांगडी तुमचीच ठेवलीय."

थोरल्यानं फुंकणी घेतली. ज्योत वाकली, सांध्याच्या अलीकडंच विझल्यासारखी झाली, आणि खोकल्यानं त्याचे डोळे भरले. धाकटा त्याची पाठ चोळत राहिला. हसला असता तर बरं झालं असतं.

खोकला थांबल्यावर थोरल्यानं फुंकणी पुसली आणि धाकट्याच्या हातात दिली. स्वतः बाजूच्या पाटावर सरकला. त्या दिवशी दुसरी बांगडीही धाकट्यानंच जोडली. सांध्यावर वितळवायचा डागाचा तुकडा कुठं ठेवायचा ते मात्र थोरल्यानं सांगितलं. चारदा सांगितलं, आणि तीनदा तो आधीच तिथं ठेवलेला होता.